येडीचं पिल्लू

घड्याळ उघडलं की माणूस उघडतो, असं चनबसाप्पाचं म्हणणं होतं, आणि ते उगाच नव्हतं. कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळ, एका भांड्यांच्या दुकानाच्या कुशीत त्याचं दीड हात रुंदीचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं मनगटावरचं घड्याळ काढून दिलं की चनबसाप्पा मागचं झाकण काढायचा, उजव्या डोळ्यात भिंग अडकवायचा आणि मान वर न करताच विचारायचा, "पिठाची गिरण हाय न्हवं तुमची?" गिऱ्हाईक चाट पडायचं. त्यात जादू काही नव्हती. गिरणीवाल्याच्या घड्याळात चाकांच्या दातांत पीठ बसलेलं असतं, गुऱ्हाळावरच्या माणसाच्या घड्याळात चिकट काजळी, न्हाव्याच्या घड्याळात बारीक केस. माणूस तोंडानं काय वाटेल ते सांगो, यंत्रात गेलेली धूळ खोटं बोलत नाही.

एवढ्या बारीक नजरेच्या माणसाला एक वाईट खोड होती. काहीही विचारा, त्याचं उत्तर ठरलेलं. "कवा मिळंल, आप्पा?" "बघू." "चालंल न्हवं पण नीट?" "बघू." त्यात नकार नसायचा आणि होकारही नसायचा. गिऱ्हाइकं चिडायची, पण माणूस कामाला चोख, म्हणून फिरून त्याच्याकडेच यायची. बायकोची गोष्ट वेगळी. तिला जायला दुसरं दुकान नव्हतं.

बायको शिवगंगा संकेश्वरकडची. घरात ती कानडी बोलायची, गल्लीत मराठी, आणि भांडायचं असलं की दोन्ही. नवऱ्याला 'री' म्हणायची, तो तिला गंगव्वा म्हणायचा. उत्तरेश्वर पेठेत दोन खोल्यांचं घर, अंगणात नळ, पलीकडे चिमणाबाईचं घर. शिवगंगेला दम्याची तक्रार होती. मठात धूप सुरू झाला की ती नाकाला पदर लावून बाहेर पायरीवर येऊन बसायची. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आधी देव झाले, मग डॉक्टर झाले, मग एके दिवशी तो विषय दोघांनी न बोलताच गुंडाळून ठेवला.

अशा घरात १९९९ साली समुद्र आला.

झालं असं, की स्टँडजवळच्या एका हॉटेलातलं भिंतीवरचं मोठं घड्याळ बंद पडलं म्हणून चनबसाप्पाला बोलावणं आलं. त्या हॉटेलच्या मालकाला मध्यंतरी हौस आली होती, म्हणून त्यानं मुंबईहून समुद्री माशांची काचेची टाकी आणून दर्शनी खोलीत बसवली होती. हौस आली तशी गेली. मासे मेले, देखभालीला येणारा माणूस यायचा बंद झाला, मिठानं लोखंडी स्टँड खाऊन टाकला. उरले होते जांभळट थराचे चार प्रवाळाचे दगड, एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा एक समुद्री जीव, आणि त्या फुलाच्या झालरीत बसलेले दोन खेकडे. मालक त्या दिवशी सगळं गटारात ओतायला निघाला होता.

चनबसाप्पा शिडीवरून उतरला आणि सहज म्हणून डोळ्यातल्या भिंगानंच त्यानं टाकीत पाहिलं. खेकडे बोराएवढे, दुधासारखे पांढरे, अंगावर लाल ठिपके. चिनीमातीचे करून ठेवल्यासारखे. ते कुणाला नांगी मारत नव्हते की कशाच्या मागे धावत नव्हते. तोंडापुढे दोन जाळीदार पंखे होते, ते आळीपाळीनं पसरून पाण्यातलं दिसेल न दिसेल असं काहीतरी गोळा करून तोंडात घालत होते. एक पंखा बाहेर, एक आत. एक बाहेर, एक आत. इतकं अचूक चालणारं यंत्र त्याच्या टेबलावर कधी आलं नव्हतं. माणूस अर्धा तास तिथंच उभा राहिला.

"न्या की आप्पा," मालक म्हणाला, "झकास रस्सा हुईल."

"लिंगायत हाय मी."

"मग काय करणार न्हेऊन?"

"बघू," चनबसाप्पा म्हणाला.

टाकी हातगाड्यावरून घरी आली तेव्हा शिवगंगेनं कपाळावर हात मारला. गळ्यात लिंग असलेल्या माणसाच्या घरात खेकडे! मठाचे जंगम आले तर काय सांगायचं? तिनं चार दिवस टाकीकडे पाठ करून भाकऱ्या थापल्या. पाचव्या दिवशी तिनं वळून पाहिलं, ते बराच वेळ पाहिलं, आणि आकारानं मोठी होती त्या मादीला हाक मारली, "एडी!"

कानडीत एडी म्हणजे खेकडा. पण अंगणात कपडे धुणाऱ्या चिमणाबाईला ऐकू आलं ते 'येडी', आणि तिला वाटलं, ही आपल्यालाच म्हणते आहे. दोघींची चांगली जुंपली. भांडण मिटल्यावर मराठीतलं नावच कायम झालं. मादी येडी, आणि मग ओघानंच नर येडा. गल्लीतली माणसं खिडकीतून डोकावून विचारायची, "काय वैनी, येडी जेवली काय?" आणि शिवगंगा ऐटीत सांगायची, "जेवली की."

पाण्याचा प्रश्न बाळासोनं सोडवला. बाळासो एसटीत ड्रायव्हर, रत्नागिरीच्या गाडीवर, आणि चनबसाप्पाचं जुनं गिऱ्हाईक. महिन्यातून एकदा तो दोन कॅन भरून समुद्राचं पाणी आणायचा. प्रवासी विचारायचे, "कॅनात रॉकेल हाय काय?" बाळासो सांगायचा, "समुद्र हाय. आप्पाला पोचवायचाय." पाण्यात हवा सोडणारा छोटा पंप देवघराच्या फळीवर बसला. पंप पाण्यापेक्षा उंच ठेवावा लागतो. खाली ठेवला आणि लाईट गेली, तर टाकीतलं पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं. आणि घरात टाकीच्या वर असलेली फळी तेवढी एकच होती.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर एका पहाटे शिवगंगेनं नवऱ्याला हलवून उठवलं. "री, लगेच या. येडीला पिल्लं झाली."

पाण्यात धूर पसरावा तसं काहीतरी होतं. चनबसाप्पानं भिंग लावलं. शेकडो जीव होते. खेकड्यासारखे मुळीच नव्हते. दोन काळे डोळे, काचेसारखं अंग, आणि नाकावर अंगाच्या कितीतरी पट लांब सुई. लेडीज घड्याळातल्या सेकंदकाट्याला डोळे फुटावेत, तसं एकेक पिल्लू. त्यानं भिंग बायकोच्या डोळ्यात बसवून दिलं. तिला ते धरता येत नव्हतं, सारखं गळून पडत होतं, म्हणून तो हातानं धरून उभा राहिला. ती बघत राहिली. तिनं सकाळचा चहासुद्धा केला नाही.

संध्याकाळपर्यंत एकही उरलं नाही. काही समुद्रफुलानं गिळली, काही दगडांवरच्या किड्यांनी, आणि बाकीची येडी-येड्यानं आपल्याच पंख्यांनी गोळा करून खाल्ली. शिवगंगा तोंडात पदर धरून रडली. सव्वीस वर्षांत मुलासाठी ती नवऱ्यासमोर रडली नव्हती, ती त्या दिवशी खेकड्यांसाठी रडली.

"पुढल्या खेपंला एखादं तरी वाचवा की, री," ती म्हणाली. "तुमच्या हातात कला हाय. एकच वाचवा."

"बघू," चनबसाप्पा म्हणाला.

२००१च्या जानेवारीत, थंडीत तिचा दमा उसळला. "मोठ्या डॉक्टरला दाखवूया काय?" असं तिनं सोमवारी विचारलं होतं. त्याचं उत्तर काय होतं, ते सांगायला नको. शुक्रवारी दवाखान्यात नेलं, रविवारी ती गेली.

माणूस गेलं की घर मोठं होतं असं म्हणतात. चनबसाप्पाचं घर उलट लहान झालं. तो फक्त टाकीजवळच्या खुर्चीत बसू लागला, तिथंच जेवू लागला, तिथंच आडवा होऊ लागला. दुकानातही तेच. लोकांच्या हातात मोबाईल आले होते, मनगटं मोकळी झाली होती. दिवसभरात दोन गिऱ्हाइकं आली तरी पुष्कळ, तीही सेल बदलायला. सेलच्या घड्याळात माणूस दिसत नाही. पहिल्या दिवसांत भेटायला आलेल्या कुणीतरी देवघराच्या फळीवर शिवगंगेचा फोटो ठेवला, पुढे चंदनाची उदबत्ती लावली, आणि ती लावायची त्याला सवय लागली. सकाळी एक, संध्याकाळी एक. उदबत्ती जळत असेपर्यंत तो तिच्याशी बोलायचा. विझली की बोलणं संपायचं. दिवसातलं तेवढंच त्याचं बोलणं.

आणि बोलायला विषय एकच होता. एकच वाचवा, असं ती म्हणाली होती. आता हे करायचंच, असं त्यानं तिच्या फोटोला सांगितलं. जन्मात पहिल्यांदा तो 'बघू' म्हणाला नाही.

कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या एका सरांचं घड्याळ त्याच्याकडे यायचं. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "हे अजून खेकडे नसतात. याला झोइया म्हणतात. कात टाकत टाकत तीन आठवड्यांनी त्याचा खेकडा होतो, तेही हजारातल्या एखाद्याचा. घरी होणारं काम न्हवं हे." पण त्यांनी एवढं सांगितलं, की पिल्लांना वेगळ्या भांड्यात ठेवायला पाहिजे आणि खायला जिवंत खाद्य पाहिजे. मुंबईहून एका डब्यात तपकिरी भुकटीसारखी अंडी मागवली. खाऱ्या पाण्यात घातली की दीड दिवसात त्यातून नारिंगी ठिपक्यांएवढे जीव पोहत बाहेर येतात. ते झोइयाचं अन्न. अंड्याला कधी न शिवलेला चनबसाप्पा रोज सकाळी हजारो अंडी उबवायचा आणि पिल्लांना चारायचा. पहिल्या दिवशी त्यानं लिंगाला हात लावून माफी मागितली. नंतर तीही रोज कुठं मागणार?

शिवगंगेची लोणच्याची काचेची बरणी त्यानं दहा वेळा धुऊन घेतली आणि फळीवरच्या पंपाची एक नळी तिच्यात सोडली. येडीच्या पोटाखालची अंडी लालाची काळसर झाली, भिंगातून त्यांत डोळे दिसू लागले, की तो तिला संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवायचा. पहाटे एका बाजूला बॅटरी धरली की पिल्लं उजेडाकडे गोळा व्हायची. मग डोळ्यांत औषध घालायच्या नळीनं एकेक उचलून बरणीत. चिमटा धरून चाळीस वर्षं गेलेला हात, एक सुई मोडायचा नाही.

पहिली खेप चौथ्या दिवशी मेली. दुसरी पाचव्या. तिसरी चौथ्या. त्यानं पाणी बदललं, मीठ कमीजास्त केलं, बरणीवर फडकं बांधलं, बल्ब लावून ऊब दिली. चौथी, पाचवी, सहावी. दर खेपेला सकाळी बरणीच्या तळाशी पांढरा गाळ. दर खेपेला तो फोटोपुढे जरा जास्त वेळ बसायचा, कधीकधी एका उदबत्तीवर दुसरी लावायचा, आणि सांगायचा, "गंगव्वा, ह्याबी खेपंला जमलं न्हाय बघ." नऊ खेपा झाल्या. तीन वर्षं गेली. गल्लीतली पोरं 'रस्सा कवा, आप्पा?' विचारायचीसुद्धा थांबली.

२००३च्या डिसेंबरात येडा मेला. कात टाकून झाल्यावर उठलाच नाही. येडीच्या पोटाखाली तेव्हा नुकतीच अंडी धरली होती. चनबसाप्पानं हिशोब केला. आता नर नाही, दुसरा मिळायचा नाही आणि येडीचंही वय झालं. म्हणजे हीच शेवटची खेप. ही गेली की संपलं.

त्याच आठवड्यात हवेचा पंप घरघरायला लागला. चनबसाप्पा तो दुकानात घेऊन गेला. टेबलावर फडकं पसरलं, चार स्क्रू काढले, भिंग डोळ्यात बसवलं. आतलं रबर ताठरलं होतं. हवा आत घेण्याच्या भोकाशी एक नखाएवढी गादी असते, ती पांढरी असायला हवी. ही तेलकट, तपकिरी झाली होती. त्यानं चिमट्यानं ती बाहेर काढली, नाकाजवळ नेली, आणि इतक्या वर्षांची सवय, मान वर न करताच विचारलं, "उदबत्तीचा कारखाना हाय न्हवं तुमचा?"

समोर कुणी नव्हतं. गिऱ्हाईक तो स्वतःच होता.

चिमटा हातातून खाली पडला. रोज सकाळी, रोज संध्याकाळी, फोटोपुढचा सगळा धूर हा पंप गिळत होता आणि नळीतून बरणीच्या तळाशी नेऊन सोडत होता. टाकी मोठी, तिला पचला. बरणीतल्या सुईएवढ्या जिवांना कसा पचणार? आणि पिल्लं मरायला लागली की हा उदबत्त्या वाढवत होता! शहरभरच्या घड्याळांतली धूळ ओळखणाऱ्याला घरातला धूर दिसला नाही. चनबसाप्पानं भर दुपारी दुकानाची फळी ओढली आणि आत अंधारात बसून तो हुंदके देऊन रडला.

त्या संध्याकाळपासून उदबत्ती बंद झाली. पंप त्यानं मागच्या खिडकीत उंच टांगला, दारं-खिडक्या उघडून भिंती पुसून काढल्या. पण दोन खोल्यांचं घर, कुठंही काडी पेटवली तरी वास सगळीकडे फिरणार. जोखीम नको. आता संध्याकाळी तो फोटोपुढे उभा राहायचा, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. उदबत्तीशिवाय बोलणं सुरू कुठून करायचं आणि थांबवायचं कुठं, तेच त्याला कळेना. घरात पंपाची फुरफुर तेवढी राहिली.

जानेवारीच्या मध्याला पिल्लं झाली. तीनशे बारा त्यानं नळीनं उचलली. चौथा दिवस उजाडला, तेव्हा बरणीवरचं फडकं काढायला त्याचा हात धजेना. काढलं. पिल्लं पोहत होती. पाचव्या दिवशीही पोहत होती. सहाव्या दिवशी बऱ्याच जणांनी पहिली कात टाकली.

बाराव्या दिवशी शिवगंगेचं तिसरं पुण्यस्मरण आलं. दुपारी संकेश्वरहून तिची धाकटी बहीण दानेश्वरी आली. दरवर्षी यायची. हातात फुलांची पुडी, नारळ आणि उदबत्तीचा पुडा. तिनं फोटोला हार घातला, काड्यापेटी काढली, आणि चनबसाप्पानं झडप घालून ती हिसकावून घेतली.

"उदबत्ती लावायची न्हाय."

"का वं दाजी?"

"पिल्लं हाईत बरणीत. धुरानं मरत्यात."

दानेश्वरीनं बरणीकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग त्याच्याकडे. "आज अक्काचा दिवस हाय. खेकड्यापायी तिला एक उदबत्ती न्हाय?"

त्याला खूप काही सांगायचं होतं. ही पिल्लं कुणाची आहेत, कुणी मागितली आहेत, ते सांगायचं होतं. पण तीन वर्षं फोटोशी बोलून बोलून जिवंत माणसाशी बोलायची त्याची सवयच मोडली होती. तो काड्यापेटी मुठीत धरून नुसता उभा राहिला. दानेश्वरीनं पिशवी उचलली. "पुढल्या वर्सापास्नं मी येत न्हाय. बसा खेकडं सांभाळत," म्हणाली आणि तडक स्टँडकडे गेली. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. तिच्याशिवाय त्या बाजूचं कुणी त्याच्याकडे येत नव्हतं.

फोटो बाहेर ओट्यावर नेऊन तिथं उदबत्ती लावता आली असती, हे त्याला ती गेल्यावर सुचलं. मग आणखी एक आठवलं. मठाची पायरी, नाकाला लावलेला पदर. गंगव्वाला धूर सोसायचा नाही. ती होती तोवर या घरात कधी उदबत्ती लागली नव्हती. आणि तीन वर्षं हा रोज दोन वेळा तिच्याच तोंडासमोर धूर करत बसला होता. जिच्याशी बोलायचं तिलाच गुदमरवत होता. त्यानं हातातली काड्यापेटी मोरीत टाकली.

पुढचे दिवस कठीण गेले. सोळाव्या दिवशी दुपारी लाईट गेली. पंप बंद पडला तर पिल्लं तळाशी बसतात आणि एकमेकांच्या सुयांत अडकतात. चनबसाप्पा दुकान तसंच टाकून धावत घरी आला. ट्रकच्या टायरची एक जुनी ट्यूब त्यानं याच कामासाठी आणून ठेवली होती. सायकलच्या पंपानं ती फुगवायची, तोंडाला नळी लावायची, नळीला चिमटा लावून हवा हळूहळू सोडायची. ट्यूब बसली की पुन्हा पंप मारायचा. साठीच्या माणसानं साडेतीन तास पंप मारला. चिमणाबाई दारातून बघत होती. "आप्पा, जीव जाईल की वं तुमचा," ती म्हणाली. तो म्हणाला, "जाईना," आणि पंप मारत राहिला.

तीनशे बाराची नव्वद झाली होती, नव्वदची अकरा झाली. अकरांच्या सुया गळाल्या, पाय फुटले. मग तीन राहिली. मग एक.

एकविसाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, ते एक दिसेना. चनबसाप्पानं बरणी खालून वर, वरून खाली पाहिली. पाण्यात काहीच पोहत नव्हतं. मग सवयीनं भिंग डोळ्यात बसवून त्यानं तळ पाहिला. तळाशी त्यानं एक शिंपल्याचा तुकडा टाकून ठेवला होता. त्या तुकड्याच्या कडेला, तिळापेक्षा बारीक, एक खेकडा बसला होता. पांढरा. अजून ठिपके नव्हते. त्यानं तोंडापुढचे पंखे पसरले होते. एक पंखा बाहेर, एक आत. एक बाहेर, एक आत.

चनबसाप्पा ओरडतच अंगणात आला. चिमणाबाईच्या दाराला कुलूप होतं. गुरुप्रतिपदा म्हणून ती पहाटेच दत्ताच्या दर्शनाला वाडीला गेली होती. तो तसाच अनवाणी स्टँडवर गेला. रत्नागिरीची गाडी बाळासोला घेऊन कधीच निघून गेली होती. भांड्यांच्या दुकानात गेला, मालक मोबाईलवर बोलत होता. त्यानं हातानंच खूण केली, थांबा. चनबसाप्पा थोडा वेळ थांबला. मग निघाला. दानेश्वरीचा फोन नंबर त्याच्यापाशी होता, पण काय म्हणून लावणार?

एवढं मोठं शहर, शनिवारचा दिवस, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही, आणि चनबसाप्पाच्या हातून जे झालं ते सांगायला त्याला एक माणूस सापडेना. तो तिकटीवर उभा राहिला तेव्हा त्याला पहिल्यांदा नीट कळलं, की आपण अगदी एकटे आहोत. मग तो घरी आला.

दार लावून त्यानं फळीवरचा फोटो उतरवला. तीन वर्षांत तो पहिल्यांदाच खाली येत होता, मागं पुसूनही तपकिरी राहिलेल्या भिंतीवर पांढरा चौकोन उमटला होता. काचेवर धुराचं तेलकट पुट चढलं होतं. घड्याळाची काच पुसायच्या मऊ कापडानं त्यानं ते सगळं पुसलं. आतून शिवगंगा स्वच्छ दिसायला लागली. फोटो त्यानं बरणीशेजारी, बरणीकडे तोंड करून उभा केला. डोळ्यातलं भिंग काढून तिच्या उजव्या डोळ्यावर धरलं. तिला ते धरता यायचं नाही, म्हणून त्यानंच धरलं.

"गंगव्वा," तो म्हणाला, "बघ."